बारा ते चार

बुधवार, १७ फेब्रुवारी २०२१

आत्याने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून आधी मला न्याहाळलं, मग पाठीवरच्या बॅगेला. "गॅलरीच्या टोकाला नळ आहे. हातपाय, तोंड, सगळं साबणाने धू. बॅग बाहेरच राहू दे. मग आत ये." सव्वा वर्षाने भेटत होतो. पाया पडायला वाकलो तर ती दोन पावलं मागे सरकली आणि तिथूनच आशीर्वाद दिला.

लालबागमधली ही चाळ म्हणजे माझ्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांचा पत्ता. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो आणि दुपार व्हायच्या आत दादरला उतरलो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. निम्मी गाडी रिकामी होती. मास्क सगळ्यांना होते, हनुवटीवर.

येण्याचं कारण लोकल. मार्च २०२० मध्ये बंद पडलेली लोकल जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये बायकांना मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना. सगळ्यांना, पण ठरल्या वेळीच: पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि मग थेट रात्री नऊनंतर. पुण्यातल्या 'एक ते चार बंद'ची आम्ही जन्मभर चेष्टा केली. मुंबईवर 'बारा ते चार चालू'ची पाटी लागेल असं कुणाला वाटलं होतं?

मी पतसंस्थेत नोकरी करतो आणि रस्त्यावरचे फोटो काढायची हौस बाळगून आहे. साताऱ्यात ती भागत नाही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो तर चार ओळखीचे भेटतात आणि चौघंही विचारतात, "काय, आज रजा का?" या कामाला आपण कुणाच्या ओळखीचे नसलेलं बरं. त्यामुळे वर्षातून एकदा मुंबई. गेलं वर्ष हुकलं होतं.

निघताना डोक्यात जे फोटो होते ते सगळे मास्कचे. मास्क घातलेला पोलीस, मास्क घातलेली नवरी, पुतळ्याला बांधलेला मास्क. सांगायला लाज वाटते, पण यादीच केली होती.

संध्याकाळी आतेभाऊ कामावरून आला आणि आम्ही मसाला गल्लीत गेलो. फेब्रुवारी म्हणजे वर्षाच्या मसाल्याची सुरुवात. ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, शेजारी धने आणि दगडफुलाची पोती, आणि आतल्या बाजूला डंकांची धडधड. लोखंडी मुसळं एकाआड एक वर जातात आणि उखळात आदळतात. दर वर्षी आत्या स्वतः येऊन मिरची हातात मोडून बघते. यंदा तिने नातवाच्या वहीच्या पानावर यादी लिहून दिली होती, आणि तळाशी लेकाला दम: "देठं काढायला लावणे. समोर उभं राहणे."

गल्लीत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला मला शिंक आली. मग भावाला. मग शेजारच्या बाईंना. एरवी इथे शिंकणं म्हणजे गिरणीत आवाज होण्यासारखं, कुणी वळूनही बघत नाही. यंदा प्रत्येक शिंकेला आठ-दहा माना वळत होत्या आणि शिंकणारा माणूस चोरी पकडल्यासारखा हात जोडत होता. शेवटी डंकावरचा माणूस वैतागून ओरडला, "अहो, कोरोना नाय, ब्याडगी हाय ती!" सगळी गल्ली हसली. हसताना अजून शिंका आल्या.

त्याचा फोटो माझ्याकडे नाही. मास्कमधून वर येणाऱ्या वाफेने चष्मा धुरकट, चष्म्यावरून व्ह्यूफाइंडर धुरकट, आणि डोळ्यांतून पाणी.

ज्यांना असा चष्मा आहे त्यांच्यासाठी: व्ह्यूफाइंडरचा नाद सोडा. मी २३ मिमीची एकच लेन्स नेली होती (फुल फ्रेमच्या हिशेबात ३५). फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवायचा आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८. साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मग कॅमेरा छातीशी धरून नुसतं बटण दाबायचं. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) वाढला तर वाढू द्या. मास्कची वरची कड नाकावर कागदी चिकटपट्टीने चिकटवली तर धुकं निम्मं कमी होतं. हा भावाचा शोध.

रात्री जेवायला ओले बोंबील. आतोबा सावंतवाडीकडचे, त्यामुळे साताऱ्याची आत्या लग्नानंतर मासे शिकली आणि आता सासरच्यांना शिकवते. माझं ताट तिने दाराजवळ, वेगळं मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते एक हात पुढे सरकलं, तिसऱ्या दिवशी अजून एक हात.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

पहाटे सहाच्या आधी करी रोडला तिकीट काढलं. डब्यात बसायला जागा मिळाली. मुंबईत लोकलमध्ये बसून प्रवास केला हे गावाकडे कुणाला पटणार नाही.

दादरचा फूलबाजार पश्चिमेला, स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच. या दिवसांत सात वाजेपर्यंत सूर्य उगवत नाही, त्यामुळे सगळा कारभार बल्बच्या पिवळ्या उजेडात. झेंडूच्या राशी, शेवंती, अॅस्टर, निशिगंधाच्या जुड्या, पाण्याचे शिंतोडे, डोक्यावर टोपल्या घेऊन "बाजू, बाजू" करत घुसणारे हमाल. अंतर बिंतर काही नाही. मला आवडत्या गर्दीत आल्याचा आनंद झाला आणि पाठोपाठ भीती वाटली. दोन्ही एकाच वेळी. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तिथेच सोनचाफा विकणारी एक मावशी बसली होती. वसईकडची. पानांत गुंडाळलेल्या चाफ्याच्या पुड्या, वर ओलं फडकं. मी कॅमेरा उचलला तशी तिने एक फूल माझ्यापुढे धरलं.

"आधी वास घे."

"मावशी, मास्क आहे."

"मास्कातून घे. चाफा हाय, दगड नाय."

मास्क नाकाला चिकटवला होता, तरी वास आला. तशी मी मान डोलावली.

"येतो ना? मग तुला काय झालेला नाय. आता फोटो काढ."

तिची ही तपासणी सगळ्यांसाठी होती. गिऱ्हाईक पुढे आलं की आधी फूल. ज्याला वास येत नाही त्याला पुडी द्यायची नाही, उलट घरी जायला सांगायचं. आजवर असे दोघं निघाले म्हणे. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

लॉकडाऊनमध्ये चाफा झाडावरच सुकून गेला. मग नवरात्रात बायकांना लोकल मिळाली. "त्यांना गाडीत घेत नव्हते, मला घ्यायचे," ती नवऱ्याबद्दल सांगत होती. "तीस वर्षं ते बाजार करायचे, मी फुलं तोडायची. आता ते तोडतात. कळ्याच तोडून ठेवतात अर्ध्या." १ तारखेपासून पुरुषांनाही मुभा मिळाली होती, मग आता? ती पुडी बांधत राहिली. नंतर म्हणाली, "बघू."

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचं कबूल करून, चाफ्याची पुडी घेऊन निघालो. साबुदाणा वडा आणि चहा होईतो सात वाजून गेले आणि माझी लोकल बंद झाली.

तेव्हाचा हिशेब असा: सातच्या आधी गेलं तर परत यायला थेट बारा. म्हणजे पहाटेचा फेरा हा जाताना गाडीने, येताना पायी किंवा बसने. बेस्टचं किमान तिकीट तेव्हा पाच रुपये होतं, त्यामुळे खिशाला जड नव्हतं. पण मी चालत आलो, हिंदमाता, परळ करत. आभाळ ढगाळ होतं. एरवी फेब्रुवारीच्या उन्हात नऊनंतर सावल्या काळ्याकुट्ट पडतात. त्या दिवशी सगळीकडे मऊ, सारखा उजेड. रस्त्यावर मास्क घातलेली माणसं होती, मी त्यांचे फोटो काढत होतो, आणि परळपर्यंत पोचेतो कंटाळलो होतो. यादीतलं सगळं मिळत होतं. एकही फोटो दुसऱ्यापेक्षा वेगळा नव्हता. निम्मा चेहरा झाकलेला माणूस हा निम्मा चेहरा झाकलेला माणूसच दिसतो. त्याला राग आलाय की झोप, तेही कळत नाही.

पावणेबाराला चिंचपोकळीला गेलो तर तिकिटाची रांग रस्त्यावर आलेली. खिडकी बंद. कुणी भांडत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. पन्नासएक माणसं एका अंगाला मान वाकडी करून खिडकीकडे बघत होती. एक जण फोनवर सांगत होता, "अरे बारालाच देतात. हो, पोचलोय, पण बारालाच देतात." दोन मिनिटं राहिली तशी रांग आपोआप आवळली गेली, जशी आरती सुरू व्हायच्या आधी आवळते. मी रस्त्याच्या पलीकडून सहा फोटो काढले. सगळ्या पाठीच. घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं, चार दिवसांतला पहिला चांगला फोटो हा.

स्टेशनाच्या आत मात्र कॅमेरा पिशवीत ठेवा. मला एका शिपायाने शांतपणे, "साहेब, आत नको," एवढंच सांगितलं. वाद घालण्यात अर्थ नाही. बाहेर हवं तेवढं आहे.

सीएसएमटीला उतरल्यावर थोडा वेळ नुसता समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. १८८८ चं हे स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच माणसाच्या. अंगावर येणारं असं काही बांधून ठेवलंय आणि मुंबईकर मान वर करत नाही. पुढे जे. जे. कला महाविद्यालयाच्या फाटकावरून गेलो. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला इथे शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, आणि बाई म्हणून त्यांना कुणी फारसं मोजायचं नाही. त्याचाच फायदा घेऊन त्या हव्या तिथे पोचल्या. अनोळखी असण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते त्यांच्यापुढे फारच बाळबोध आहे.

फोर्टात मात्र अनोळखी असणं अंगाशी आलं. एका गल्लीत स्टेशनरीचं छोटं दुकान, दाराला आडवी नायलॉनची दोरी बांधलेली, दोरीला प्लॅस्टिकची टोपली. पैसे टोपलीत टाकायचे, माल टोपलीतून घ्यायचा. मी टोपलीचा फोटो काढला आणि मालक दोरीखालून वाकून बाहेर धावले.

"पावतीवाले का तुम्ही? मास्क आहे माझा. पाणी प्यायला खाली केला होता."

तेव्हा मास्क नसेल तर दोनशे रुपये दंड होता, आणि त्यांची परवाच एक पावती फाटली होती. रस्त्यात कॅमेरा दिसला की लोकांना तेव्हा आधी दंड आठवायचा. कुणी विचारलं तर पळू नका, हसून सारवासारव तर मुळीच करू नका. मी स्क्रीन दाखवला, त्यांच्यासमोर फोटो पुसला, साताऱ्याचा आहे असं सांगितलं. "साताऱ्यात कुठे?" म्हणाले. त्यांची बहीण वाईला निघाली! मग त्यांनीच मला आत बोलावून पाटी दाखवली, "याचा काढा." पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं होतं: *लॉकडाऊनमधली उधारी आधी मिटवा, मग नवीन बोला.* पाटी जुलैपासून आहे. किती जणांनी मिटवली? त्यांनी उत्तर म्हणून टोपली हलवून दाखवली. रिकामी.

ब्रून मस्का, चहा आणि या गप्पा यांत वेळेचं भान सुटलं. धावत सीएसएमटीला पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्यापुढच्या माणसाने नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दोघंही वळलो. बस धरता आली असती. पण बसथांब्यावरची गर्दी बघितली आणि मेट्रो सिनेमावरून चालत मरीन ड्राइव्हला निघालो. नऊपर्यंत पाच तास.

त्या पाच तासांसाठी ही सहल लक्षात राहणार आहे.

सूर्य साडेसहाच्या सुमारास ढगात गेला. मावळताना दिसलाच नाही. रोजचे फिरणारे, जोडपी, चणेवाला सगळे होते. अंधार पडल्यावर ती कमी झाली आणि दुसरी माणसं दिसायला लागली. डब्याच्या पिशव्या घेतलेली. कठड्यावर समुद्राकडे पाठ करून, तोंड चर्चगेटच्या दिशेला. एकाने बूट काढून पिशवीतली चप्पल घातली. एक मुलगी दुपारची उरलेली पोळी मोबाइलच्या उजेडात खात होती. एक जण चक्क आडवा, डोक्याखाली बॅग, छातीवर हेल्मेट. हेल्मेट का, ते कळलं नाही.

माझ्या शेजारचे गृहस्थ नालासोपाऱ्याचे. सहाला ऑफिस सुटतं. मी विचारलं, बसने का जात नाही?

"बसने गेलो तर दहाला पोचतो. इथे थांबून नऊची गाडी धरली तर साडेदहाला. अर्ध्या तासासाठी चार तास उभं कोण लटकणार? इथे वारा तरी आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "बावीस वर्षं चर्चगेटला कामाला येतोय. समुद्र आता बघतोय, या महिन्यात. बायकोला खोटं वाटतं."

आठ-चाळीसच्या आसपास कुणीतरी उठलं. मग लांबवर दुसरं. पाच मिनिटांत कठड्यावरची पिशवीवाली सगळी माणसं उभी राहिली आणि एकाच दिशेने चालायला लागली. बोलणं नाही, घाई नाही. कॅमेरा कठड्यावर टेकवून १/१५ सेकंदाच्या हळू शटरने फोटो काढत राहिलो. दिव्यांच्या रांगेखालून हललेल्या आकृत्या सरकताहेत आणि मधेच हेल्मेट घातलेला एक माणूस (डोक्यावर घातलं होतं, ठेवायला जागा नसेल) स्पष्ट आलाय.

सकाळची रांग आणि हा कठडा. फोटो मास्कमध्ये नव्हता, या थांबण्यात होता. वेळ झाली का म्हणून बघणाऱ्या मानांत. पुढच्या दोन दिवसांत मी मास्क बघितलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

घरी पोचलो तेव्हा भाऊ मोबाइलवरची बातमी वाचून दाखवत होता. पाचपेक्षा जास्त रुग्ण सापडले तर अख्खी इमारत सील. चाळीत एका मजल्यावर बावीस खोल्या. साताऱ्याहून बायकोचा फोन येऊन गेला होता, तिकडे अवकाळी पाऊस. आत्याने बातमी ऐकली, कोयंडा लागलाय का बघितलं, आणि मला वाटलं ती घाबरली. पण ती बोलायला लागली ते भलतंच.

"संपात असंच होतं."

तिच्या तोंडी 'संप' म्हणजे एकच. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या घरातले गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत आतोबा.

"भोंगा बंद झाला तर पहिले चार दिवस मला जागच यायची नाही. रोज संध्याकाळी खाली कुणीतरी बातमी आणायचं, उद्या मिटतोय. मी डबा घासून पालथा घालून ठेवायची, सकाळी लागेल म्हणून. रोज. असं वर्ष काढलं. मग एक दिवस डब्यात मोहरी भरली."

"मिटला कधी शेवटी?" भावाच्या पोराने विचारलं.

"मला अजून कुणी मिटला म्हणून सांगितलेलं नाही."

तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, हे मला वाचून माहीत होतं. त्या खोलीत बसून ऐकलं तेव्हा मोहरीचा डबा कुठला ते बघावंसं वाटलं. तिने तो दाखवला. पितळी, झाकणावर आतोबांची आद्याक्षरं ठोकलेली. फोटो काढू दिला नाही. "भांडी घासलेली नाहीत," म्हणाली.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. चाळीच्या फळ्यावर खडूने: *यंदा मिरवणूक नाही. प्रतिमापूजन स. ९. पाच-पाच जणांनी यावे.* शंभराच्या वर माणसं जमवायची नाहीत असा सरकारचा नियम होता, चाळ कमिटीने तो आपल्या अंगणाला बेतून पाचावर आणला होता. गेल्या गणपतीत लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, आरोग्य उत्सव केला, त्यापुढे हे काहीच नाही असं भाऊ म्हणाला. तरी ढोल बाहेर काढून ठेवले होते. वाजवायचे नव्हते. पोरं त्यांच्या आसपास उभी होती. एका पोराचं बोट ढोलाच्या कडेवर आवाज न करता ठेका धरत होतं. तो फोटो मिळाला, आणि मला तो महाराजांच्या प्रतिमेच्या फोटोपेक्षा जास्त आवडला हे इथे लिहितो, चाळीत बोललो नाही.

दुपारी आर्थर रोडवरून सात रस्ता, तिथून महालक्ष्मी. स्टेशनाशेजारच्या पुलावरून धोबीघाट दिसतो. हे दृश्य इतक्या जणांनी टिपलंय की कॅमेरा काढायचीही लाज वाटते. तरी बघत उभा राहिलो आणि काहीतरी खटकलं. आठवणीत हा घाट पांढरा होता. दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर चादरी. आज निळं दिसत होतं, जीन्स आणि जीन्स. पांढरं मधेच कुठेतरी एखादी ओळ.

खाली उतरलो. पूर्वी पुलावर वाटाडे परदेशी पाहुण्यांच्या मागे लागायचे, पण मार्च २०२० पासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानंच बंद होती. एक पोरगा माझ्याच मागे लागला. पन्नास रुपये दिले आणि आत गेलो. दगडी कुंड्यांजवळ एक चाचा हात कोरडे करत बसले होते. चादरींचं विचारलं.

"होटल खाली, तो चादर किधर से आएगी?"

चार कुंड्यांपैकी एकच भरलेली. रिकाम्या तिन्ही त्यांनी तरीही सकाळी घासल्या होत्या. "रोज धोता हूँ. सूखा रखेगा तो काई जमेगा," एवढं बोलले. त्यांच्या तळव्यांचा फोटो काढला, विचारून. आयुष्यभर पाण्यात राहिलेले हात या वर्षी पहिल्यांदा कोरडे पडून भेगाळलेत, हे त्यांनीच दाखवलं, जरा कौतुकाने.

आत जायचं असेल तर दुपारी तीननंतर जा, काम हलकं असतं आणि माणसं बोलतात. पैसे आधी ठरवा. आणि पुलावरून लांबच्या लेन्सने माणसांचे फोटो ओढू नका. बारा पावलं उतरून विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

या वेळी चारच्या आत लोअर परळला उतरून घरी. शहाणा झालो होतो.

शनिवार, २० फेब्रुवारी

परतीची एसटी दुपारची. सकाळ मसाला बांधण्यात गेली. आत्याने आईसाठी एक किलो, बायकोसाठी अर्धा आणि मला वासासाठी म्हणून हातावर चिमूटभर दिला. ताट तोवर तिच्या ताटाशेजारी आलं होतं. निघताना पाया पडलो तर या वेळी मागे सरकली नाही, डोक्यावर हात ठेवला, आणि मग लगेच आत जाऊन साबणाने धुतला. गॅलरीत येऊन उभी राहिली. खालून कॅमेरा वर केला तशी तिने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि मास्क काढून कमरेला खोचला. एकच फोटो. नंतर मान नाही म्हणून हलवली.

बसमध्ये माझ्या शेजारच्याला शिंक आली. मसाल्याची पिशवी माझ्या मांडीवर होती. मी त्याला ब्याडगीचं सांगितलं, तरी तो उठून मागे गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बोलले. गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी, आणि लॉकडाऊन हवा की नको ते आठ दिवस बघून ठरवू. मार्च २०२१ उजाडला, ते आठ दिवस संपले. लोकलच्या वेळा तेव्हाही त्याच होत्या.

एकूण १,१४६ फोटो निघाले, त्यांतले अकरा ठेवले. चाफेवाल्या मावशीचा त्या अकरांत नाही. बल्बचा उजेड चष्म्याच्या धुक्यात फिसकटला आणि ती थोडी हललीय. पण कबूल केलं होतं म्हणून पाठवला. दोन दिवसांनी तिच्या नंबरवरून आवाजी निरोप आला, मागे लोकलची घोषणा ऐकू येत होती.

"दादा, फुलं चांगली आलीत. पण माझा तोंड कुठाय? घरी सगळे हसतात, ही कोण म्हणून. परत ये, मास्क काढते मी, तेव्हा काढ. चाफा फुकट देते."

कधी येऊ ते मी अजून कळवलेलं नाही.